सरांच्या बुलेटचे दोन नट

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने शाळेची एक आठवण लिहून द्यायची असं ठरलं, तेव्हा मी "सरांच्या बुलेटवर लिहिते" म्हणून ग्रुपवर लगेच अंगठा टाकला. संपादक मंडळाला वाटलं असेल, ही आता तो धडधड आवाज, चिंचेखालची सावली, सरांचा करड्या रंगाचा सफारी असं काहीतरी लिहील. तेही येईलच. पण गेले सात-आठ महिने ती गाडी उघडताना जे हाती लागलं, ते इतिहासाच्या तासाला शोभेल असं आहे. आणि त्यात आपल्या वर्गाचं एक जुनं प्रकरण आहे, जे आपण सगळ्यांनी मिटलं असं धरून चाललो होतो.

आधी गाडी माझ्याकडे कशी आली ते सांगते. सर गेल्यावर वर्षभराने काकूंना भेटायला गेले होते. मागच्या पडवीत ताडपत्रीखाली बुलेट उभी होती. मुलगा परदेशात, गाडीवर बसणारं कोणी नाही, भंगारवाला दर महिन्याला विचारून जातो. काकू म्हणाल्या, "तू इंजिनिअर झालीस ना गं, मग तूच ने. त्यांना बरं वाटलं असतं." आता माझी पदवी मेकॅनिकलची असली तरी नोकरी पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरची. पाना हातात धरून वीस वर्षं उलटली होती. तरी टेम्पो बोलावला. गाडीबरोबर काकूंनी दोन गोष्टी दिल्या: सरांची पेट्रोलची वही आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. डब्यात गाडीचे बदललेले सगळे जुने भाग होते. प्रत्येक भाग वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला, वर निळ्या शाईत नाव आणि महिना. प्रयोगवहीत आपल्याकडून जसं करून घ्यायचे, तसंच.

गाडी १९७८ची, मद्रासची. आज बुलेट म्हटली की ती आपलीच वाटते, पण तिचं माहेर इंग्लंडातलं रेडिच हे गाव. रेडिच प्रसिद्ध होतं ते शिवणाच्या सुयांसाठी. तिथला जॉर्ज टाउनसेंडचा कारखानाही सुयांचाच. तो पुढे सायकलींकडे वळला, अडचणीत आला आणि १८९१ मध्ये अल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ यांच्या हातात गेला. त्यांना एन्फील्ड इथल्या सरकारी बंदूक कारखान्यासाठी सुटे भाग करायचं काम मिळालं, त्यावरून नाव आलं रॉयल एन्फील्ड, आणि बोधचिन्हात तोफ आली. पहिली मोटारसायकल १९०१ची, बुलेट हे नाव १९३२चं. आपल्या लष्कराला सरहद्दीवर गस्तीसाठी गाड्या हव्या होत्या, त्यांनी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या, आणि १९५५ मध्ये रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सबरोबर एन्फील्ड इंडिया काढली. सुरुवातीला सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे जोडले जायचे. १९५७ मध्ये साचे आणि हत्यारंही विकली गेली, १९६२ पर्यंत सगळी गाडी इथेच बनू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. म्हणजे सरांच्या १९७८च्या गाडीत जे आहे ते बहुतेक रेडिचच्या १९५०च्या आसपासच्या माणसांनी विचार करून ठेवलेलं आहे, आणि विचारायला त्यांच्यातलं कोणी उरलेलं नाही. आमच्या धंद्यात याला एक नाव आहे, पण ते राहू दे.

आता १९९३. आपण नववीत. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी, आणि त्या वेळी जे गुरुजन शाळेत नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. ऑगस्ट महिना, चार दिवस झड लागलेली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर सर पुलाच्या उताराला घसरून पडले. उजवा हात मोडला, पाच आठवडे प्लास्टर. नाक्यावरच्या मेकॅनिकने गाडी पाहिली आणि सांगितलं, मागच्या ब्रेकच्या प्लेटवरचे दोन नट ढिले आहेत, भाग हाताने हलतोय, कुणीतरी मुद्दाम ढिले केलेत. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत चौकशी. मी वर्गाची मॉनिटर. मला विचारलं, गाडीजवळ कोणाला पाहिलं होतंस का? मी आपल्या एका वर्गमित्राचं नाव सांगितलं. मधल्या सुट्टीत तो चिंचेखाली गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलेला मी पाहिला होता.

त्याच्या वडिलांचं वेल्डिंगचं आणि सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला बोलावल्यावर तो म्हणाला, "मी हात लावला नाही. ते नट ढिलेच असतात." झालं. ढिले असतात हे तुला कसं माहीत? म्हणजे तूच. त्याला आठ दिवस घरी बसवलं, वडिलांना बोलावून सगळ्यांदेखत ऐकवलं. तो नंतर परत आला, शेवटच्या बाकावर बसला, आणि नववीनंतर शाळेत दिसला नाही. दहावी त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून केली. आपल्या बॅचच्या यादीत त्यामुळेच त्याचं नाव नाही.

मी खोटं बोलले नव्हते. पण त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि हातात काही नव्हतं, हेही मी पाहिलं होतं. ते कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

तर गाडीकडे परत. मागचं चाक काढलं तो दिवाळीनंतरचा रविवार होता. (सूचना: जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममधली पूड फुंकर मारून किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.) पहिलं आश्चर्य हबमध्ये होतं: रबराचे सहा जाड ठोकळे. साखळीचं दातेरी चाक आणि ब्रेकचा ड्रम या गाडीत एकाच ओतकामात आहेत, आणि तो ड्रम चाकाला थेट न जोडता या रबरांमधून जोर देतो, म्हणजे इंजिनाचे झटके साखळीला आणि गिअरला बसत नाहीत. ही रेडिचची जुनी खासियत. हे मला पुस्तकातून लगेच कळलं.

कळलं नाही ते दुसरं. ब्रेकच्या प्लेटमधून जो दांडा आत जातो, ज्याच्या टोकाला कॅम असतो, तो प्लेटला थेट बसवलेला नव्हता. तो एका वेगळ्या छोट्या घरात होता, आणि ते घर दोन नटांनी प्लेटला धरलेलं होतं. हेच ते दोन नट. आता घट्ट होते, खाली स्प्रिंग वॉशर, पाना लावल्यावर करकरले. पण नट काढल्यावर दिसलं की बोल्टची भोकं गोल नाहीत, लांबट आहेत.

मला आधी वाटलं, झिजून लांबट झाली असतील. भिंगातून पाहिलं तर कडा सरळ आणि समांतर. झीज अशी नसते, ही कारखान्यातच पाडलेली होती. मग वाटलं, जुळवणीसाठी असतील: शू बरोबर मध्यावर आणायचे आणि मग आवळून टाकायचे. हे पटण्यासारखं आहे, काही गाड्यांत तसं करतातही. मी दोन आठवडे हेच उत्तर धरून बसले होते.

मग डबा उघडला. काही वेगळंच शोधत होते, कार्बोरेटरची सुई. एका पुडीवर लिहिलेलं: मागचा ब्रेक, काढलेले नट २, ऑगस्ट १९९३.

आत दोन नट होते, आणि दोन्हींच्या वरच्या तोंडाशी नायलॉनची कडी. गॅरेजमध्ये याला नायलॉक नट म्हणतात. असा नट आट्यांना स्वतःच पकडून बसतो. आवळलेला नसला तरी हादऱ्यांनी फिरून पडत नाही. विमानांमध्ये या जातीचे नट आधी रुळले ते याच गुणामुळे. आता विचार करा. जो भाग घट्टच आवळायचा आहे, तिथे साधा नट आणि स्प्रिंग वॉशर स्वस्तात भागतं, आणि उरलेल्या ब्रेकला कंपनीने तेच वापरलं होतं. या दोनच ठिकाणी महागडा नट का? कारण इथे नट आवळायचा नव्हता. तो नुसता पडू नये एवढंच हवं होतं.

घराची खालची बाजू पुसली. दोन्ही भोकांच्या बाजूने चकाकणारे पट्टे होते, भोकाच्या लांबीच्याच दिशेने. म्हणजे हे घर कधीकाळी वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकत होतं.

कंपनीच्या जुन्या दुरुस्ती पुस्तकात याला फ्लोटिंग कॅम हाउसिंग म्हटलं आहे. तरंगतं घर. का तरंगतं, ते समजायला सरांचाच एक तास आठवा. घर्षण शिकवताना त्यांनी खडू तिरपा धरून फळ्यावर दोन रेघा मारल्या होत्या. खडू मागून ओढत नेला की गुपचूप रेघ उठते. तोच खडू टोक पुढे करून ढकलला की रुततो, थडथडतो आणि किंचाळतो. सगळ्यांनी कानावर हात घेतले होते. जोर तोच, दिशा उलटी.

ड्रम ब्रेकमध्ये दोन अर्धगोल शू असतात. एका टोकाला खिळ, दुसऱ्या टोकाला कॅम. कॅम वळला की दोन्ही शू फाकतात आणि ड्रमला आतून दाबतात. चाक एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे एक शू ढकललेल्या खडूसारखा असतो: ड्रम त्याला स्वतःकडे आणखी खेचून घेतो. याला लीडिंग शू म्हणतात. दुसरा ओढलेल्या खडूसारखा, ड्रम त्याला दूर लोटतो, तो ट्रेलिंग. दोघांना सारखाच जोर दिला, तर नेहमीच्या लायनरमध्ये पहिला साधारण दुसऱ्याच्या तिपटीच्या आसपास काम करतो.

आता कॅम जागच्या जागी पक्का असेल, तर तो दोन्ही शूंना सारखं अंतर ढकलतो. लीडिंग शू आधी झिजतो, झिजला की त्याच्यावरचा दाब उतरतो, आणि तुमच्या पायाचा बराचसा जोर आळशी शूवर खर्च होतो. दोघे मग सारख्या गतीने झिजत राहतात. लायनर जास्त टिकतं, पण पाय जास्त दाबावा लागतो. कॅमचं घर सरकू शकत असेल, तर झिजलेल्या शूच्या बाजूला ते आपोआप जातं आणि दोन्ही शूंना अंतर नव्हे, जोर सारखा देतं. लीडिंग शूला कायम त्याचा पूर्ण वाटा मिळतो. ब्रेक हलक्या पायाने लागतो. बुलेटचा मागचा ड्रम फक्त सहा इंचांचा, त्यातून एकही भाग न वाढवता जास्त पकड काढायची तर हा उपाय झकास. किंमत अशी की एक लायनर लवकर संपतं आणि ओल्या रस्त्यावर चाक चटकन जाम होऊ शकतं.

इतक्या लहानशा गोष्टीमागे किती लोकांचं डोकं आहे ते पाहिलं की गंमत वाटते. सुरुवातीच्या मोटारसायकलींना सायकलसारखे रिमला चिमटणारे ब्रेक होते, नाहीतर मागच्या चाकाला पट्ट्यासारखी एक खोटी खोबण लावून तिच्यात लाकडी किंवा चामडी ठोकळा दाबायचा. पावसात दोन्ही निकामी. लायनरची कथा तर आपल्या बैलगाडीच्या आळोट्यातून आल्यासारखी आहे. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की शेतकरी उतारावर घोडागाडी आवरताना लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे तुकडे ठोकतात. त्यावरून त्याने १८९७ च्या सुमारास खास ब्रेकसाठी लायनिंग करायला घेतलं. त्याच्या आडनावाची अक्षरं उलटीसुलटी करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावातलं पहिलं अक्षर घालून झाला फेरोडो. हे नाव आपल्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतही पाहिलं असेल. बंद ड्रम आला तो १९०० नंतर मोटारगाड्यांत, आणि मोटारसायकलींत रुळायला विशीचं दशक उजाडलं. तोवर ब्रेक म्हणजे जोराने दाबायची वस्तू होती. शूला चाकाच्याच जोरावर काम करू द्यायचं, हा विचार त्यानंतरचा.

आता पुरावे एकत्र मांडते, सरांच्या पद्धतीने. निरीक्षण एक: ऑगस्ट १९९३ मध्ये काढलेले नट नायलॉक होते, म्हणजे मूळचे, न आवळण्याचे. दोन: घराखाली सरकण्याचे पट्टे आहेत, म्हणजे त्याआधी घर तरंगत होतं. तीन: आत्ता काढलेले दोन्ही लायनर जवळजवळ सारखे झिजलेले आहेत, म्हणजे ते बसवल्यापासून घर पक्कं होतं. चार: पेट्रोलची वही. सर तिच्यात लिटर आणि किलोमीटरच्या जोडीला बारीकसारीक नोंदीही करत. ऑक्टोबर १९९३: मागचा ब्रेक जड लागतो. जानेवारी १९९४: ब्रेक जड, लायनर बदलले. जून १९९४: तरी जड. त्याआधीच्या पंधरा वर्षांत अशी एकही नोंद नाही.

अनुमान तुम्ही काढालच. ते नट कोणी ढिले केले नव्हते. ते गाडी मद्रासहून निघाल्यापासून तसेच होते. सर पडले ते ब्रेक लागला नाही म्हणून नव्हे. झडीच्या चिखलात तो जरा जास्तच चांगला लागला म्हणून पडले असावेत. मेकॅनिकने साधे नट घालून घर आवळलं आणि चांगला ब्रेक अधू केला. त्याला मी दोष देत नाही. ढिला नट दिसला की आवळायचा, एवढंच त्याला शिकवलेलं. आमच्याकडेही नवीन मुलगा जुन्या प्रोग्राममधली एक विचित्र ओळ काढून टाकतो, आणि तीन महिन्यांनी मार्चएंडला सगळं बसतं.

सरांना कधी शंका आली होती का? काकूंना विचारलं, त्यांना काही आठवत नाही. पुडी जपून ठेवली म्हणजे शंका होती असं म्हणता येणार नाही. सर काहीच टाकत नसत. त्याच डब्यात फ्यूज झालेले अकरा बल्बही आहेत.

एक गोष्ट मात्र मला उलगडली नव्हती. मागच्या फोर्कला, ब्रेकच्या सळईच्या वर, एक छोटा लोखंडी कान डकवलेला होता, मधे भोक. पुस्तकातल्या कुठल्याच चित्रात तो नाही. त्याचा फोटो हे निमित्त करून मी शेवटी फोन लावला. नंबर मिळवायला फार कष्ट पडले नाहीत. सांगली रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे, आपल्यापैकी दोघातिघांच्या गाड्या तिथेच जातात, हे मला तेव्हा कळलं.

मी सगळं सांगितलं. खोलीत मी काय बोलले तेही, आणि काय बोलले नाही तेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं तूच सांगितलंस. खिडकीतून दिसलीस की."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "आगं, बापाला लई लागलं होतं ते. मला काय न्हाई. बापानं मग सरांच्या गाडीला हात लावला न्हाई कधी." आणि मग, "मी बसलोवतो ते बघायलाच. बाबांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, बुलेटचं हे घर सरकतं, पायडल दाबल्यावर बघ. पायडल दाबायला कोण नव्हतं, म्हणून नुसताच बघत बसलो."

कानाचा फोटो त्याने मोठा करून पाहिला. "हे बाबांचं वेल्डिंग. गोळं गोळं पडत्यात बघ. मागचा लाल दिवा पेटायचा न्हाई, म्हणून स्विचची स्प्रिंग अडकवायला लावलंय. ९१ सालचं असंल."

लेख लिहू का, असंही मी विचारलं. लिही म्हणाला, नाव नको. आपल्या बॅचला नाव सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही. निमंत्रणाच्या यादीत मी एक ओळ वाढवली आहे. तो येईल की नाही ते त्याने सांगितलेलं नाही. मेळाव्याला बुलेट मात्र आणते आहे, चिंच नसली तरी जागा तीच. काकूही येणार आहेत. ज्यांना मागच्या चाकाशी बसून ते घर सरकताना पाहायचं असेल, त्यांच्यासाठी पायडल दाबायला मी आहे.

फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "नट डब्यातलेच लावलेस का काय?"

म्हटलं, हो, सरांच्या पुडीतलेच.

"येडी हायेस. नायलॉन वाळलंय त्याचं. नवे घाल. बोटानं टेकव, मग अर्धा आटा मागं. आणि साधे घालू नको."